कपडा स्वस्त कुठे मिळतो?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचा पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो. "तुमच्याकडे कपडे अगदी स्वस्त मिळत असतील, नाही?" प्रश्न साहजिक आहे. शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगर, कुठल्याही बाजूच्या गल्लीत शिरा, पत्र्याच्या शेडमधून मागांचा खडखडाट ऐकू येतो. यंत्रमागाच्या मोठ्या गावांची नावं घ्यायची झाली तर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही घ्यावीच लागतात. मग जिथं कापड होतं तिथं कपडा स्वस्त असणार, असं कुणालाही वाटेल. रत्नागिरीला आंबा स्वस्त मिळत असेल असंही लोकांना वाटतं. रत्नागिरीच्या माणसाला एकदा विचारून पाहा.

खरी गोष्ट अशी, की माग चालवणारा कामगार ईदला किंवा दिवाळीला मुलासाठी शर्ट घ्यायला निघतो, तेव्हा मागावर जात नाही. मागावर शर्ट नसतो, शर्टाचं कापडही नसतं. तिथं उतरतं ते कोरं कापड. भिवंडीत त्याला लहानथोर सगळे 'ग्रे' म्हणतात. रंगानं पिवळट, खळीनं ताठ, मधूनमधून सरकीचे काळे ठिपके. त्याचे तागे ट्रकमध्ये चढतात आणि राजस्थानात बालोतरा, पाली, गुजरातेत अहमदाबाद, जेतपूर अशा गावांना जातात. तिथं ते धुतलं जातं, रंगवलं जातं, छापलं जातं. मग आणखी कुठल्या तरी गावात त्याचे शर्ट, कुर्ते, परकर शिवून होतात. आणि शिवलेला माल पुष्कळदा परत येतो तो भिवंडीलाच! फक्त तो मागाच्या गल्लीत येत नाही. तो माणकोली, काल्हेर, पडघा या बाजूंच्या गोदामांत उतरतो. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवायचा, म्हणून ही गोदामं इथं आली. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली. ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांचा आणि मोठ्या दुकानांच्या साखळ्यांचा माल तिथून निघतो. म्हणजे शेजारच्या शेडमध्ये विणलेलं कापड दोन-तीन राज्यं हिंडून, चार-पाच जणांचा नफा अंगावर चढवून आपल्या समोर हँगरवर लटकतं. त्यावर चिठ्ठी असते, 399 रुपये.

आता हा कपडा घ्यायचा कुठून? तीन बत्ती, मंडई, बाजारपेठ इथल्या पिढीजात कापडाच्या दुकानांतून, की जिथं आपण महिन्याचा किराणा भरतो त्या सुपरमार्केटमधून? आज यावर बोलायचं आहे. अनेकांना वाटतं हा प्रश्न आता निकालात निघाला. ज्याला परवडतं तो मॉलमध्ये जातो, बाकीचे सुपरमार्केटमध्ये जातात आणि जुन्या दुकानदारानं शटर ओढायची वेळ आली. मला ते इतकं सरळ दिसत नाही.

ठरलेल्या भावात कपडा, ही कल्पना तशी जुनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये सरकारनं सुती कापडावर नियंत्रण आणलं आणि कापडावर किमतीचा छाप दिसू लागला. 'कंट्रोलचं कापड' हे शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेले अनेक जण असतील. 1948 साली मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत 'अपना बाजार' ही सहकारी संस्था उभी राहिली, तीही रास्त भाव आणि चोख माप या दोन गोष्टींसाठी. पण एका हातानं तूरडाळ आणि दुसऱ्या हातानं टी-शर्ट उचलून एकाच ढकलगाडीत टाकायची सवय आपल्याला लागली ती या शतकात. 2001 मध्ये बिग बाजार आलं. 2002 मध्ये पवईला डी-मार्टचं पहिलं दुकान उघडलं. 26 जानेवारी 2006 ला बिग बाजारनं 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला, तेव्हा काही ठिकाणी इतकी झुंबड उडाली की दुकानांची दारं लावून घ्यावी लागली. पुढं 2016 पासून टाटांचं झुडिओ आलं, तिथं तर फक्त कपडे, चपला आणि सौंदर्याच्या वस्तू, आणि त्याही बहुतेक हजार रुपयांच्या आत. बिग बाजारच्या मूळ कंपनीचं दिवाळं वाजलं, 2022 मध्ये तिची बरीच दुकानं रिलायन्सच्या ताब्यात गेली. जुनी दुकानंच बंद पडतात आणि मोठी टिकतात, असा काही नियम नाही, हे यावरून दिसतं.

सुपरमार्केटला कपडा स्वस्त देणं परवडतं कसं? पहिलं कारण तूरडाळ. डाळ, तांदूळ, तेल यांत नफा अगदी थोडा, पण त्यांच्यासाठी गिऱ्हाईक दर महिन्याला न चुकता येतं. कपड्याच्या दुकानात आपण वर्षातून चार वेळा जातो. दुकानदाराला त्या चार वेळांत वर्षाचं भाडं, वीज, नोकरांचे पगार काढायचे असतात. सुपरमार्केटमध्ये हा खर्च किराण्यावरही वाटला जातो, आणि डाळीच्या रांगेतून तेलाच्या रांगेकडे जाताना वाटेत कपडे ठेवलेले असतात. ते वाटेत ठेवलेले असतात, हे लक्षात घ्या. डी-मार्टच्या विक्रीत किराण्याव्यतिरिक्त वस्तू आणि कपडे यांचा वाटा अलीकडच्या वर्षांत पाचव्या हिश्शाहून अधिक राहिला आहे, आणि नफ्याचं प्रमाण किराण्यापेक्षा त्यांत जास्त असतं. तेव्हा कपडे तिथं स्वस्त असले तरी फुकटात पडेल भावानं दिलेले नसतात. डाळ आपल्याला बोलावते आणि कपडा दुकान चालवतो.

दुसरं कारण संख्या. शिंपी एक शर्ट कापतो तेव्हा उरलेल्या चिंध्या वाया जातात. कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम शेकडो तुकडे कापले जातात, आणि कॉलर, बाही, खिसा असे नकाशे एकमेकांत बसवून इंच न् इंच वाचवलेला असतो. एक बाई दिवसभर फक्त कॉलर लावते, दुसरी फक्त काजं करते. आपल्याकडे शिंप्याकडे साध्या शर्टाची शिलाईच आता तीन-चारशेच्या खाली सहसा होत नाही. म्हणजे तयार शर्टाच्या किमतीत आपली नुसती शिलाई होते, कापड वेगळंच. या हिशोबापुढे कुठल्याही दुकानदाराची वक्तृत्वकला चालत नाही. तिसरं कारण, तिथं उधारी नाही. रोख घ्या, कार्ड घासा, फोनवरून द्या, पण दारातून बाहेर पडायच्या आधी द्या.

या उधारीकडे मी परत येणार आहे. त्याआधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली पाहिजे. सुपरमार्केटनं गरीब घरातल्या माणसाला, आणि विशेषतः बाईला, जे दिलं ते फक्त स्वस्ताईत मोजता येत नाही. जुन्या दुकानात माल गल्ल्याच्या पलीकडे. आपण गादीवर बसायचं किंवा उभं राहायचं, आणि दाखवणारा दाखवील ते बघायचं. तो दाखवण्याआधी आपले कपडे बघतो, पायातली चप्पल बघतो आणि विचारतो, "बजेट किती?" आमच्या शेजारची एक बाई, बिशी चालवते. बिशी म्हणजे मागावर काम करणाऱ्या परगावच्या माणसांची खानावळ. ती एकदा मुलीसाठी ड्रेस बघायला एका दुकानात गेली, तर तिनं बोट दाखवलेला ड्रेस खाली न काढताच नोकर म्हणाला, "तो महाग आहे, ताई." तिच्याजवळ पैसे होते. ती उठून आली. आता ती सुपरमार्केटमध्ये जाते. तिथं चार ड्रेस हातात घेते, दोन परत टांगते, कुणाला काही सांगावं लागत नाही, कुणी तोंड वाकडं करत नाही. वाडा-शहापूरकडून बाजाराला आलेली आदिवासी बाई असो नाहीतर कधी एकटीनं खरेदी न केलेली सून, कपड्याला स्वतः हात लावून बघायचा हा हक्क त्यांना नव्यानंच मिळाला. आणि आतल्या कपड्यांचं तर बोलायलाच नको. काउंटरवरच्या पुरुष नोकराला आपलं माप सांगायचं, आणि ते त्यानं आतल्या पोऱ्याला ओरडून सांगायचं, या शरमेपायी बायकांनी वर्षानुवर्षं चुकीच्या मापाचे कपडे वापरले. ती शरम संपली, हे मला फार मोठं काम वाटतं. जुन्या दुकानांचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हे कधी येत नाही, कारण ते लेख बहुधा पुरुषांनी लिहिलेले असतात.

आता उधारी. माग चालवणाऱ्याची मजुरी मीटरवर असते. जेवढं कापड उतरलं तेवढे पैसे, आणि हिशोब पंधरवड्याला. वीज गेली, सूत आलं नाही, बाजारात मंदी म्हणून शेठनं माग बंद ठेवले, की पंधरवडा कोरडा. सण मात्र ठरलेल्या तारखेलाच येतो. अशा वेळी तीन बत्तीच्या ओळखीच्या दुकानदाराच्या वहीत नाव लिहिलं जातं आणि पोरांच्या अंगावर नवे कपडे येतात. दुकानदार काही धर्मादाय करत नाही. उधारीच्या गिऱ्हाइकाला तो भाव थोडा चढाच लावतो आणि गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं. दोनशेचा शर्ट अडीचशेला पडला, तर वरचे पन्नास हे दोन महिने थांबण्याचं व्याज, शिवाय 'कोऱ्या हातानं परत पाठवलं नाही' याची किंमत. सुपरमार्केटच्या चिठ्ठीवरचा भाव आणि या दुकानाचा भाव शेजारी ठेवून 'बघा, किती लुटतात' असं म्हणणारा माणूस दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करत असतो. एका भावात नुसता शर्ट आहे. दुसऱ्यात शर्ट, मुदत, बदलून देण्याची तोंडी हमी आणि पुढच्या वर्षीची ओळख, एवढं सगळं आहे. ज्याच्या हातात पैसे आहेत त्यानं नुसता शर्ट घ्यावा, त्याचा फायदाच आहे. ज्याच्या हातात नाहीत त्याला सुपरमार्केटचा 399 चा शर्ट स्वस्त नसतोच, तो अशक्य असतो.

बस्त्याचंही तसंच. लग्नाचा बस्ता अजून कुणी सुपरमार्केटमध्ये बांधल्याचं माझ्या ऐकिवात नाही. काल्हेर-अंजूरच्या बाजूच्या आगरी घरातला बस्ता असेल तर दहा-पंधरा माणसं टेम्पोतून उतरतात. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, मामाचा आहेर, टोप्या, टॉवेल, ब्लाउजपीस. अर्धा दिवस जातो, दोनदा चहा होतो, रुसवेफुगवे दुकानातच होऊन दुकानातच मिटतात. दुकानदार आगरीत बोलतो, पलीकडच्या गिऱ्हाइकाशी उर्दूत, आणि पद्मानगरहून कुणी आलं तर चार शब्द तेलुगूतही. कुणाच्या घरी किती नातेवाईक आणि कुणाचा हात किती सैल, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पण माझ्या मते जुन्या दुकानाची खरी दौलत वेगळीच होती. ती म्हणजे कापडाची पारख. चांगला दुकानदार तागा उलगडायचा, कापड उजेडासमोर धरायचा, चिमटीत चोळून दाखवायचा. शंका घेतलीत तर काठाचा एक धागा ओढून काडेपेटीची काडी लावायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. हे बघत बघत गिऱ्हाईकही शिकायचं. भिवंडीत तर दुकानदाराला फसवाफसवी अवघडच, कारण समोरचा माणूस रात्रपाळीला तेच कापड विणून आलेला असायचा!

पारख म्हणजे काय, ते मागाच्या हिशोबात सांगते. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसवले, त्याला 'पीक' म्हणतात. साधा धोट्याचा माग मिनिटाला एकशे वीसच्या आसपास फेऱ्या मारतो असं धरा. इंचाला साठ पीक असतील तर मिनिटाला दोन इंच कापड उतरतं, म्हणजे एका मीटरला जवळजवळ वीस मिनिटं. पीक चाळीसवर आणले की मिनिटाला तीन इंच, मीटरला तेरा मिनिटं. सूतही कमी लागलं, वेळही वाचला. कापड मात्र झिरझिरीत झालं. आता त्याला भरपूर खळ पाजली, वरून इस्त्री फिरवली की हँगरवर दोन्ही शर्ट सख्खे भाऊ दिसतात. तीन धुण्यांनंतर कळतं कोण कोण ते. भाव पाडायचा म्हटलं की पहिला घाव इथं बसतो, आणि तो फक्त सुपरमार्केटच्याच मालाला बसतो असं मुळीच नाही. बाजारपेठेतल्या दुकानात, फुटपाथवरच्या ढिगात तोच माल असतो. 1982 साली 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हापासून तर भिवंडीच्या मागांवर विणलेलं कापड मोठमोठ्या गिरण्यांच्या शिक्क्यानं विकलं गेलं. शिक्का बघून कापड घेणाऱ्याला तेव्हाही काही कळत नव्हतं.

म्हणजे मुद्दा दुकान कोणतं हा नाही, पारख कुणाच्या हातात आहे हा आहे. जुन्या दुकानात ती दुकानदाराच्या हातात होती, आणि त्याचा तो कधी प्रामाणिक तर कधी अप्रामाणिक उपयोग करायचा. सुपरमार्केटमध्ये ती कुणाच्याच हातात नाही. तिथल्या गणवेशातल्या मुलाला विचारा, "बाळा, हे धुतल्यावर आटेल का?" तो बिचारा चिठ्ठी वाचून दाखवतो. तेव्हा ती पारख आपणच बरोबर घेऊन जायला हवी. तिथं कपडा हातात घ्यायला मज्जाव नाही, हा तर त्या दुकानाचा सर्वांत मोठा गुण, आणि आपण तो वापरतच नाही. आपण रंग बघतो, चिठ्ठी बघतो आणि गाडीत टाकतो.

शर्ट दिव्यासमोर धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर पीक कमी आहे. कोपरा दोन बोटांत जोरानं चोळा, पांढरी भुकटी पडली किंवा ताठपणा गेला तर ती खळ होती, कापड नव्हे. आतली पट्टी वाचा. सुती किती टक्के, पॉलिस्टर किती, ते तिथं लिहिलेलं असतं. पॉलिस्टर वाईट असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात ते लवकर वाळतं आणि टिकतंही. पण मागाच्या शेडमध्ये मे महिन्यात बारा तास उभं राहणाऱ्याला ते घालायला लावणं ही शिक्षा आहे. बायकांच्या कुर्त्यांत हल्ली रेयॉन फार असतं. भिवंडीतही ते पुष्कळ विणलं जातं. अंगाला मऊ, पडतं छान, पण ओलं झालं की त्याची ताकद कमी होते. ते पिळून, आपटून धुवायचं कापड नव्हे. ज्या घरी धोपटणं चालतं तिथं रेयॉनचा तीनशेचा कुर्ता महागच पडणार.

आणि कपडा उलटा करून शिवण बघा. जुना शिंपी शिवणीत माया ठेवायचा. माया म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड. मुलाच्या हाफपँटला खाली दोन-अडीच इंच, बाजूला इंचभर. पोर वाढलं की उसवायची आणि सोडायची. एक पँट तीन जूनपर्यंत चालायची, नंतर धाकट्याला. कारखान्याच्या कपड्यात माया जवळजवळ नसते. ओव्हरलॉकची शिवण कडेला लागूनच मारलेली असते, कारण एका शर्टात अर्धा इंच वाचला तर लाख शर्टांत केवढं कापड वाचलं, याचा हिशोब कुणी तरी मांडलेला असतो. म्हणून वाढत्या मुलाचा तयार कपडा घट्ट झाला की त्याचं पोतेरंच होतं. आमच्याकडे नाक्यानाक्यावर मशीन घेऊन बसलेले 'अल्टर'वाले शिंपी सुपरमार्केटचे कपडे दिवसभर आखूड करत असतात. मोठा करून द्या म्हटलं की हात वर करतात. उसवायला आत काही असेल तर ना!

सुपरमार्केटमधल्या कपड्यांत टी-शर्ट, लेगिंग, ट्रॅकपँट यांचीच गर्दी का असते, याचं उत्तरही मापातच आहे. हे विणलेलं नसून गुंफलेलं कापड, होजिअरी. ते ताणलं जातं. तीन-चार मापांत सगळा गाव बसतो. शिंपी नको, घालून बघायची फारशी गरज नाही, परत येणारा माल कमी. स्वयंसेवेच्या दुकानाला याच्याइतका सोयीचा कपडा नाही. पण हे कापड भिवंडीच्या धोट्याच्या मागावर होतच नाही, ते तिरुपूर, लुधियानाकडचं. पॉपलीनचा शर्ट आणि सुती सलवार मागं पडून टी-शर्ट आणि लेगिंग आले, तेव्हा आपल्या गल्लीतल्या मागाखालची जमीनही थोडी सरकली. भिवंडीत गेल्या काही वर्षांत कित्येक माग भंगारात किलोवर विकले गेले. नोटाबंदी, वीजदर, सुताचे वरखाली होणारे भाव, सुरत आणि चीनचं कापड, अशी त्याची पुष्कळ कारणं सांगतात आणि ती खरी आहेत. आपल्या अंगावरचा कपडा बदलला, हे त्यांतलं एक, आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

एकाच मापाचा सोस सरकारलाही झाला होता, हे जाता जाता सांगते. 2024-25 च्या शालेय वर्षात राज्यानं मोफत गणवेशाचं कापड एका ठिकाणाहून घेऊन सगळीकडे वाटायचं ठरवलं. गणवेश उशिरा आले आणि आले ते मापात बसेनात, अशा तक्रारी राज्यभरातून झाल्या. शेवटी 2024 च्या डिसेंबरात हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं गेलं. घाऊक खरेदीत कापड स्वस्त पडतं हे बरोबर, पण पोरं घाऊक मापाची जन्माला येत नाहीत.

आता बिल. इथं सुपरमार्केट उजवं आहे, हे मान्य केलं पाहिजे. तिथं बिल मिळतंच. जुन्या दुकानात कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून देतात, किंवा तेही नाही, आणि भिंतीवर पाटी असते, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. 2020 च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. लक्षात ठेवा, सदोष माल. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, हा दोष नव्हे. त्या बाबतीत दुकानाचा जो नियम असेल तो. तक्रार करायची तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मोठी दुकानंही काही धुतल्या तांदळाची नाहीत. स्वतःच्या जाहिरातीच्या पिशवीचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेण्यावरून 2020 च्या डिसेंबरात राष्ट्रीय ग्राहक आयोगानं बिग बाजारविरुद्ध निर्णय दिला होता. कापडी पिशवी घरून न्यावी, हे बरं. भिवंडीत तिला तरी तोटा नसावा.

कराचंही एक. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्याला अठरा. त्याआधी ही मर्यादा हजार रुपयांची होती. तेव्हा साध्या कपड्यावर कराच्या नावाखाली कुणी जास्तीची आकडेमोड ऐकवली तर ऐकून घेऊ नका. आणि छापील किमतीत कर धरलेलाच असतो.

एवढं सगळं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग तुम्ही स्वतः काय करता? सांगते. आमच्या घरी जूनची खरेदी अशी होते. बनियन, मोजे, टॉवेल, मुलींचे आतले कपडे, घरात घालायचे टी-शर्ट हे सुपरमार्केटमधून, तेही किराण्याच्या दिवशी नव्हे. किराण्याच्या दिवशी गाडी आधीच भरलेली असते आणि माणूस दमलेला, त्या घाईत पारख होत नाही. शाळेची पँट आणि सलवार बाजारपेठेत कापड घेऊन शिंप्याकडे, माया सोडायला सांगून. शिंपी कुरकुरतो, वीस-तीस रुपये जास्त मागतो, ते द्यायचे. रोज घालायचा शर्ट जिथं उजेडात धरून बघता येईल तिथून, मग ते दुकान कुणाचंही असो. साडी ओळखीच्या दुकानातून, कारण ती दुसऱ्या दिवशी बदलायला न्यायची असते हे त्यालाही माहीत असतं आणि आम्हालाही. गेल्या वर्षी त्या दुकानदारानंही बाहेर हँगर लावले, त्यावर भावाच्या चिठ्ठ्या अडकवल्या आणि काउंटरवर एक मुलगी बसवली. उधारीची वही मात्र अजून गल्ल्याच्या खालच्याच खणात आहे.